रोप कोण ओढतो, ते बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. तुम्ही टेक्सासात राहता. मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून शाळेतल्या मित्रांबरोबर बुल रायडिंग करतो, म्हणजे उसळणाऱ्या बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकून राहायचा खेळ. त्या गोतावळ्यात देशी असा तो एकटाच. मागे एकदा पडून त्याचं डोकं आपटलं, आणि तुम्हाला ते तीन आठवड्यांनी दुसऱ्याच मुलाच्या आईकडून कळलं. त्याला विचारलं तर 'आय एम गुड' एवढंच उत्तर. तुम्ही विचारता की ह्या पोरांना कमकुवत दिसण्याची एवढी धास्ती का, आणि त्याच्या तोंडून खरं कसं काढायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळचा कराडकडचा. गेली चौदा वर्षं ओक्लाहोमा आणि उत्तर टेक्सासात काम करतोय. आठवडाभर क्लिनिक, आणि शनिवार-रविवार रोडिओत, म्हणजे काउबॉयच्या खेळांच्या स्पर्धेत, शूटच्या मागे टेप, बर्फ आणि कात्री घेऊन उभा. शूट म्हणजे तो लोखंडी अरुंद खण, ज्यात बैलावर बसतात. बैल म्हणतोय खरा, पण आपल्या भाषेत ते बहुतेक वळूच. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही हे आधीच सांगतो. मला दिसलं ते त्यांच्या खांद्यांतून, मनगटांतून आणि मानेतून दिसलं.

ही पोरं भावना दाखवत नाहीत असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. स्टँडमध्ये बसून बघणाऱ्याला तसं वाटतं. तुम्ही एकदा शूटच्या मागे येऊन उभ्या राहा.

बुल रोप, म्हणजे स्वार धरतो तो दोर, बैलाच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती जातो. स्वार हातमोजा घातलेला हात त्याच्या मुठीत घालतो. मोज्याला आणि रोपाला रोझिन चोळलेलं असतं, म्हणजे राळ, पकड चिकट राहावी म्हणून. मग एक मित्र कुंपणावरून वाकून त्या रोपाचं टोक ओढतो. 'अजून.' 'अजून थोडं.' 'बस.' रोप सैल राहिला तर पोरगा दुसऱ्याच उडीला खाली. टोक तळव्याभोवती चुकीचं गुंडाळलं गेलं तर पडल्यावर हात सुटत नाही आणि तो बैलाच्या कुशीला लटकून फरफटतो. दुसरा मित्र मागून त्याचं जॅकेट घट्ट धरून उभा असतो, कारण बैल शूटमध्येच उसळला तर तोंड समोरच्या लोखंडावर आपटतं. खाली सात-आठशे किलोचं जनावर, वर साठ-पासष्ट किलोचं पोर, आणि त्याचा जीव दोन मित्रांच्या हातांत. त्या मिनिटाला तिथे कुणी थट्टा करत नाही. आवाज खाली येतात. एकमेकांच्या पाठीवर हात असतात. मग तो मान हलवतो आणि दार उघडतं.

ह्याच्या आधी सगळे टोप्या काढून, काही गुडघ्यावर बसून प्रार्थना करतात. आणि आत मैदानात बुलफायटर असतात. नाव फसवं आहे, ते बैलाशी लढत नाहीत. पडलेला पोरगा आणि शिंगं ह्यांच्यामध्ये स्वतःचं अंग घालणं हे त्यांचं काम.

म्हणजे दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवणं ह्या मुलांना चांगलं येतं. फक्त त्याची जागा ठरलेली आहे: शूटच्या मागे, हातांच्या भाषेत, कामाच्या निमित्ताने. ताई, तुम्ही स्वयंपाकघरात, संध्याकाळी, शब्दांत विचारता. तिथे त्याच्याकडे भाषाच नाही.

'काउबॉय अप', म्हणजे मर्दासारखं सोस, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. आपल्याकडे 'हातात बांगड्या भर' म्हणायचे तसंच, फक्त पाठीवर थाप मारून म्हटलेलं. आमच्या गावच्या तालमीत मोडके कान मेडलासारखे मिरवायचे, तसं इथे प्लॅस्टर मिरवतात. पण फरक लक्षात घ्या. हाड मोडणं लपवत नाहीत. ती गोष्ट होते, सांगता येते, एक्स-रेवर दिसते. लपवतात ते न दिसणारं: डोकेदुखी, झोप न लागणं, भीती. मोडलेल्या हाताला इज्जत आहे, भणभणणाऱ्या डोक्याला नाही.

आता एक गोष्ट, जी मर्दानगीवरच्या चर्चेत कुणी काढत नाही. हा निव्वळ स्वभावाचा मामला नाही, हिशेबाचाही आहे. रोडिओत स्वार स्वतः एन्ट्री फी भरून उतरतो. पेट्रोल त्याचं, जेवण त्याचं. आठ सेकंद टिकला आणि गुण नंबरात बसले तर पैसे, नाहीतर रिकाम्या हाताने चारशे मैल परत. संघांच्या लीगमधल्या थोड्यांना करार मिळतात. बाकीच्यांना पगार नाही, आजारपणाची रजा नाही. शाळकरी मुलाला पोट भरायचं नसतं, पण त्याच्या डोळ्यांपुढे कॉलेज रोडिओची शिष्यवृत्ती असते, आणि हंगामाचे गुण एकेका शनिवारी मोजले जातात. घरी बसला तर त्या शनिवारचे गुण गेले. 'मला चक्कर येते' हे वाक्य त्याला महागात पडतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं. मी असतो तर मीही गप्प बसलो असतो.

म्हणून त्याला 'तू मोकळेपणाने बोल' असं सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. बोलण्याची किंमत कमी केली तर होतो. व्यावसायिक रोडिओत नाव नोंदवून न उतरणाऱ्याला दंड असतो, पण डॉक्टरची चिठ्ठी असली की सूट मिळते. माझ्या मते त्या चिठ्ठीने व्याख्यानांपेक्षा जास्त पोरं वाचवली आहेत. चिठ्ठी असली की माघार पोराची राहत नाही, डॉक्टरची होते. शिव्या डॉक्टरला बसतात. मी असल्या शिव्या आनंदाने खाल्ल्यात.

पण माघारीला ह्या खेळात जागाच नाही असंही नाही. तुमचा मुलगा टफ हेडमन ह्या बैलस्वाराचं नाव नक्की ओळखत असेल. तीन वेळचा विश्वविजेता, आणि १९९५ मध्ये पीबीआरचाही विजेता. पीबीआर म्हणजे १९९२ मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून उभी केलेली संघटना. त्यातला तोही एक. त्याच १९९५ च्या अंतिम स्पर्धेत बोडेशस नावाच्या बैलाने मागे डोकं फेकून त्याच्या चेहऱ्याची हाडं चुरडली. काही आठवड्यांनी लास व्हेगासच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोडतीत त्याच्या वाट्याला पुन्हा तोच बैल आला. त्या बैलावर पुन्हा बसणार नाही असा शब्द त्याने मुलाला दिला होता. भरल्या मैदानासमोर त्याने टोपी उचलली आणि बैलाला स्वाराविना जाऊ दिलं. त्याला आजवर कुणी भेकड म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याच स्पर्धेत पुढच्या एका फेरीत दुसरा स्वार तोंडाला संरक्षक मुखवटा लावून त्या बैलावर बसला आणि त्याचाही चेहरा फुटला. मग मालकाने बैलच निवृत्त केला. पोरांना ही गोष्ट सांगितली की ती क्षणभर गप्प होतात. आणि मग हमखास एकजण म्हणतो, 'हो, पण तो टफ हेडमन होता.' बरोबर आहे त्याचं. नकार देण्याची ऐपत आधी कमवावी लागते, असं ह्या पोरांना वाटतं. सतरा वर्षांच्या मुलाकडे ती ऐपत नसते. ती त्याला मोठ्यांनी उसनी द्यायची असते.

हेडमनच्या त्या मुलाचं नाव लेन. ते लेन फ्रॉस्टवरून ठेवलेलं. फ्रॉस्ट १९८७ चा विश्वविजेता, हेडमनचा जिवलग. ३० जुलै १९८९, वायोमिंगमधलं शायान. आठ सेकंद पूर्ण करून तो उतरला, चिखलात पडला, बैलाने मागून धडक दिली. तो उठला, मदतीसाठी हात केला, कोसळला आणि गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत हेडमन आठ सेकंदांची घंटा वाजल्यावरही बैलावरून उतरला नाही, मित्रासाठी म्हणून आणखी आठ सेकंद बसून राहिला. शोकसभेत बोलता न येणाऱ्या माणसाचं ते बोलणं होतं. दुसरा एक मित्र, कोडी लॅम्बर्ट, त्याने घोड्यांच्या शर्यतीतल्या जॉकींच्या जॅकेटवरून बैलस्वारांसाठी छाती-पाठ झाकणारं जॅकेट बनवलं. तुमचा मुलगा शनिवारी अंगात चढवतो ते हेच. ते कुठून आलं हे त्याला ठाऊक असेल. नसेल तर विचारायला विषय चांगला आहे.

जॅकेट सगळं थोपवत नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हरला मेसन लो नावाचा स्वार जॅकेट घालूनच उतरला होता. बैलाचा पाय छातीवर पडला आणि तो गेला. तोही पंचवीसचा. २०२१ मध्ये फ्रेस्नोला आमाडेऊ कांपोस सिल्वा, ब्राझीलचा, बावीस वर्षांचा, तोही असाच गेला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. ही नावं तुमच्या मुलाला पाठ आहेत. त्याच्या फोनमध्ये आहेत. 'त्याला धोक्याची कल्पना नाही' असं समजून बोलायला जाल तर पहिल्याच वाक्याला तो मनातून उठून जाईल. त्याला धोका तुमच्याहून जास्त कळतो. कळत नाही ते हे, की कळलेलं सांगायचं कुणाला.

हेल्मेटचं असं आहे. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्वारांना पीबीआरने हेल्मेट सक्तीचं केलं. त्याआधी जन्मलेल्यांना टोपी घालायची मुभा राहिली. त्यामुळे आताची पोरं ज्यांचे व्हिडिओ बघत मोठी झाली, ते बरेचसे टोपीतले. त्यांतला सगळ्यात लाडका जे. बी. मोनी सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोत मान मोडून निवृत्त झाला. टोपीत मर्द दिसतो, हेल्मेटमध्ये पोरगेला, हे अजूनही कुजबुजलं जातं, पण पूर्वीपेक्षा कमी. इथे नियमाने मोठं काम केलं. सगळ्यांनाच घालावं लागतं म्हटल्यावर कुणालाच ते घालायला धैर्य लागत नाही. मात्र हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवतं. कवटीच्या आत मेंदू हलतो, तो हेल्मेट घालूनही हलतोच. 'हेल्मेट होतं ना, मग काही नाही' हे मी बापांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की त्याची पाटी करून क्लिनिकात लावावी म्हणतो.

टाय पोझोबॉन हा बैलस्वार कॅनडातल्या मेरिट गावचा. २०१६ चा तिथला राष्ट्रीय विजेता. जानेवारी २०१७ मध्ये, पंचवीसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. घरच्यांनी मेंदू तपासायला दिला. वारंवार मार बसून मेंदूला जो सीटीई नावाचा आजार होतो, ज्याचं नाव आपण अमेरिकन फुटबॉलच्या बातम्यांत ऐकतो, तो त्यात सापडला. व्यावसायिक बैलस्वारात तो पक्का सिद्ध झाल्याची ती पहिलीच वेळ. आत्महत्येला एकच कारण नसतं आणि मी ते एका आजारावर ढकलणार नाही. पण त्यानंतर शूटमागचं बोलणं बदललं, हे मी पाहिलं. त्याच्या नावाने संस्था निघाली, स्वारांच्या शरीराबरोबर मनाचीही काळजी घेणारी. त्याआधी डोकं 'हललं' म्हणजे 'बेल वाजली' असं हसत म्हणायचे. आता निदान हसत नाहीत.

तुमचा मुलगा तिथे एकटाच देशी, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आलेल्याला दुप्पट सिद्ध करावं लागतं. काळ्या स्वारांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. चार्ली सॅम्पसन १९८२ मध्ये विश्वविजेता झाला, तोवर एकही काळा माणूस तिथवर पोचू दिला नव्हता. आणि गंमत बघा, हा सगळा खेळ मेक्सिकन गुराख्यांकडून आलेला; रोडिओ हा शब्दच स्पॅनिश. तुमच्या मुलाला कुणी 'तू टणक आहेस' म्हटलं असेल तर ते त्याचं प्रवेशपत्र आहे. ते तो तुमच्यासाठी सहजी फाडणार नाही. दुसऱ्या बाजूला ब्राझीलची पोरं बघावीत. उत्तर टेक्सासातल्या डिकेटर गावाभोवती ती खूप आहेत. इंग्रजी येत नाही, आई तिकडे. पण ती उघड रडतात, क्रूसाची खूण करतात, फोनवर आईशी बोलताना आवाज लपवत नाहीत, आणि पीबीआरचे किताबही घेऊन जातात. आद्रियानो मोराइसने तीन घेतले, सिल्वानो आल्वेसनेही तीन. रडणारा कच्चा, ह्या समजुतीची वाट त्यांनी परस्परच लावली. अर्थात दुखापत तीही लपवतात. घरी पैसे पाठवायचे असतात.

आता करायचं काय, ते. पहिली दोन वर्षं मी पुस्तकातला प्रश्न विचारायचो: शून्य ते दहामध्ये दुखणं किती? कॉलरबोन मोडलेला पोरगा म्हणायचा 'दोन'. मग मी प्रश्न बदलले. 'परवा कुठला बैल होता? कुठल्या बाजूला वळला?' ह्या मुलांना बायबलपेक्षा बैल जास्त पाठ असतात. नाव, रंग, मालक, डावीकडे फिरतो की उजवीकडे. ज्याला परवाचा बैल आठवत नाही, त्याच्या डोक्याला मार लागला असं धरून चालायचं. 'येताना गाडी कुणी चालवली?' नेहमी चालवणारा जर मागे झोपून आला असेल तर पुढे विचारायचं. फोनचा उजेड कमी केलाय का, आवाजाने चिडतो का, सोपी गणितं अडतात का, झोप फार किंवा फारच कमी. हे सगळं बघायचं, विचारायचं नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणं जड होणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, हातापायात अशक्तपणा, उठवून न उठणं: ह्यातलं एकही दिसलं तर तडक इमर्जन्सीत, त्याची परवानगी न घेता.

मार लागून तीन आठवडे उलटून गेले म्हणजे आता काही राहिलं नाही, असं नाही. ह्या आठवड्यातच मेंदूच्या दुखापतींचं बघणाऱ्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे न्या. लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय बैल नाही. गेल्यावरही पायरीपायरीने: चालणं, पळणं, मग बॅरलवरचा, म्हणजे बैलाऐवजी पिंपावर बसून केलेला सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, मग डॉक्टरची लेखी परवानगी, मग बैल. पहिली जखम भरायच्या आत दुसरा मार बसणं सगळ्यात वाईट. टेक्सासात शाळेच्या खेळांसाठी २०११ पासून ह्याचा कायदा आहे: संशय आला की मैदानाबाहेर, आणि परवानगीशिवाय परत नाही. पण हायस्कूल रोडिओ बहुतेक ठिकाणी शाळेच्या क्रीडा विभागाखाली येत नाही, वेगळ्या संघटनेकडे असतो. फुटबॉलला जी राखण मिळते ती इथे आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. घरातला नियम तुम्हीच करा, आणि पुढच्या मारानंतर नाही, आत्ता, तो बरा असताना. 'डोक्याला मार लागला तर सांगायचं. सांगितलंस तर रायडिंग बंद होणार नाही, थांबेल, आणि एन्ट्री फी बुडाली तर ती आमच्याकडून.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. तेवढ्यानेच हिशेब बदलतो.

त्याच्या बाबांनाही एक काम. 'मी तुझ्या वयाचा असताना' ने सुरू होणारी शौर्याची गोष्ट नको. कधी घाबरले होते ती सांगावी, तीही गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत. समोरासमोर बसून ही पोरं बोलत नाहीत. शेजारी बसून बोलतात.

आणि मन फारच खाली गेलंय असं वाटलं, तो सगळ्यांपासून तुटला, लाडक्या वस्तू देऊ लागला, 'काय अर्थ आहे' म्हणू लागला, तर थेट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत ९८८ ह्या मदत-क्रमांकावर फोन किंवा मेसेज करता येतो, चोवीस तास. घरात बंदूक असेल तर कुलपात, गोळ्या वेगळ्या. ज्या मित्राकडे तो राहतो त्या घरीही हे विचारा. टेक्सासात ह्या प्रश्नाचा फारसा कुणी राग मानत नाही.

बंदी घालू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमध्ये दिसतं. अठरा व्हायला त्याला किती महिने आहेत ते मोजा. बंदी तेवढेच महिने टिकेल, आणि त्या काळात तो तुमच्यापासून लपून बसेल. माझा स्वतःचा मुलगा असता तर मी डॉक्टरच्या परवानगीपर्यंत थांबवला असता आणि त्यानंतर रात्री झोपलो नसतो. एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

परवानगी मिळून तो पुन्हा उतरेल त्या शनिवारी स्टँडमध्ये बसू नका. शूटच्या बाजूच्या कुंपणाशी जाऊन त्याचा रोप कोण ओढतो ते बघा. त्याला ओळखणारा तो. तुमच्या मुलाचा हात कधी थरथरला, कधी तो नेहमीपेक्षा उशिरा 'बस' म्हणाला, कधी मान हलवण्याआधी अडखळला, हे त्या पोराला तुमच्याही आधी कळतं. त्याला रविवारी जेवायला बोलवा, वरच्या खुणा त्यालाही सांगून ठेवा, तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये घाला. चुगली कर असं म्हणू नका. 'रोप तू ओढतोस ना, मग हेही तुझ्याकडे' असं म्हणा. त्याला बरोबर समजेल. आणि चपात्या मोजून करू नका, ही पोरं एका बैठकीला बारा खातात.